लघवी दिलीच नाही, तरी रिपोर्टात लघवीचा आकडा

यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव. ऐन वेचणीत बायको एका सकाळी बाजेवरून उठेना. बोलत होती, सगळं कळत होतं, पण मांड्यांत जीवच नाही. वय 34.

दुकानदारानं तालुक्यातल्या एका लॅबच्या पोराचा नंबर दिला. तो गाडीवर घरी आला. "टेन्शन नका घेऊ जी भाऊ, किडनी, नसा, पोटॅशियम, सगळं एकाच पॅकेजमंधी निघते." 4,850 रुपये रोख दिले. पावती घेतली नाही. तुम्ही घ्या, ती नसल्यानं पुढे माझं तोंड बंद झालं.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मोबाईलवर आला. पोटॅशियम 4.4, सगळं नॉर्मल. खाली लघवीतलं पोटॅशियम 38, लघवीचा पीएच (हा आकडा जितका कमी, तितकं आम्ल जास्त) 5.0.

लघवी कोणी मागितलीच नव्हती. डबीसुद्धा दिली नव्हती. ती ओळ मी त्या रात्री दोनदा वाचली आणि मनाशी म्हटलं, रक्तावरूनच काढत असतील. बारावी सायन्स शिकलेला माणूस मी! पण घरात माणूस पडलेलं, शेतात कापूस फुटलेला, लेकरं लहान; अशा वेळी छापील कागदावर विश्वास ठेवला तर माझं काय चुकलं? तरी ती ओळ डोळ्यांपुढून जात नाही. तेव्हाच गाडी केली असती तर तिचा तेवढा वेळ वाचला असता.

उलट पुन्हा तपासणीचे 2,300 आणि नसांच्या पावडरीचे 3,640 दिले. एकूण 10,790. दीड क्विंटल कापूस गेला.

तिसऱ्या दिवशी तिला मान उचलेना, श्वास अपुरा पडायला लागला. 4,500 ची गाडी करून नागपूरला नेलं. तिथे आधी ईसीजी काढला, मग रक्त. पोटॅशियम 1.9! असायला हवं 3.5 ते 5. रक्तात आम्ल साचलेलं, लघवीचा पीएच मात्र 6.5, म्हणजे आम्ल लघवीतून नीट बाहेर पडत नव्हतं, आणि रक्तात पोटॅशियम नसताना लघवीतून ते वाहत होतं. डॉक्टर म्हणाले, किडनीच्या नळ्यांचा दोष आहे, आरटीए म्हणतात. म्हणजे जी लघवी त्या लॅबनं घेतलीच नाही, तिच्यातच आजार सापडला.

एकाएकी हातपाय लुळे पडले तर पॅकेज नको, थेट दवाखाना, ईसीजी आणि पोटॅशियम. नमुना नीट घेतला नाही, पेशी फुटल्या, तर कमी पोटॅशियमही चांगलं दिसतं. आणि घरी मनानं पोटॅशियमचं औषध पाजू नका. किडनी निकामी असली तर ते वाढूनही अशीच कमजोरी येते आणि हृदय बंद पडतं.

पोलीस ठाण्यात गेलो तर म्हणाले, हा आरोग्य खात्याचा विषय. तालुका आरोग्य कार्यालयानं जिल्ह्याला पाठवलं. जिल्ह्यात साहेब दौऱ्यावर. दुसऱ्या खेपेला बाबू म्हणाला, लॅबची नोंद आमच्याकडे नसते. मग कोणाकडे असते? रिपोर्टवर ज्या डॉक्टरची सही, तो त्या लॅबमध्ये बसतच नाही, हे मी स्वतः जाऊन पाहिलं. 2017 साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं आहे की रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिकलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी. तो कागद दाखवला तर बाबू म्हणाला, अर्ज ठेवून जा. चार खेपा झाल्या, अर्जाचा आवक नंबरसुद्धा मिळाला नाही.

आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकतो आहे. 5 लाखांपर्यंत फी नाही, दोन वर्षांची मुदत असते. पावती नाही, पण मोबाईलवरचा रिपोर्ट मी पुसलेला नाही. परवा बाजाराच्या दिवशी तोच पोरगा आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या काकूंच्या दारात उभा होता, हातात सुई घेऊन.