झिपरीचा खाऊ: नऊ महिन्यांनंतर डब्यात काय उरलं, काय बाहेर गेलं

माझी कुत्री झिपरी सहा वर्षांची आहे, मिश्र जातीची, नसबंदी झालेली. नऊ महिन्यांपूर्वी लसीसाठी नेली तेव्हा वजन 14.1 किलो भरलं. डॉक्टरांनी तिच्या बरगड्या चाचपल्या आणि माझाही हात तिथे ठेवायला लावला. मग म्हणाले, आता स्वतःचा हात पालथा पसरा आणि बोटांच्या मुळाशी दुसऱ्या हाताने चाचपून बघा. तिथली हाडं जशी पातळ कातडीखाली लगेच लागतात, तशा बरगड्या लागायला हव्यात. झिपरीच्या बरगड्या तळहाताच्या मांसल बाजूसारख्या लागत होत्या, दाबल्याशिवाय सापडतच नव्हत्या. शरीर किती सुटलंय हे सांगणाऱ्या 9 गुणांच्या मापात (1 म्हणजे फार रोड, 9 म्हणजे फार लठ्ठ) तिला 7 मिळाले. 4 किंवा 5 असायला हवेत.

"जेवण तर मी मोजून देते," मी म्हणाले, आणि ते खरंही होतं. "आणि खाऊ?" डॉक्टरांनी विचारलं. तो कधी मोजलाच नव्हता.

त्या रात्री वही घेऊन बसले. सकाळी दात साफ करणारी एक काडी, 75 कॅलरी. दिवसभरात चार बिस्किटं, प्रत्येकी 20. शिवाय गोळी गिळवायच्या निमित्ताने सुरू झालेला आणि गोळ्या संपल्यावरही तसाच चालू राहिलेला चीजचा तुकडा, 30 ग्रॅम. चीजच्या 100 ग्रॅममध्ये साधारण 400 कॅलरी धरल्या तर तो तुकडाच 120 चा. बेरीज 275. मग डॉक्टरांनी दिलेलं सूत्र लावलं: किलोतल्या वजनाचा पाऊण (0.75) घात, गुणिले 70. झिपरीचं योग्य वजन 12 किलो, म्हणजे दिवसाला साधारण 450 कॅलरी. वजन उतरवायचं असेल तर तिचा सगळा दिवस एवढ्यात बसवायचा. खाऊ त्याच्या दहाव्या हिश्शाच्या पुढे जाता कामा नये, म्हणजे 45. मी त्याच्या सहापट देत होते आणि जेवण मोजते म्हणून निश्चिंत होते.

दहावा हिस्साच का, हे समजून घ्यायला मला वेळ लागला. वजन हे एक कारण झालं. दुसरं असं की चांगल्या रोजच्या खाद्यात कॅल्शियम, फॉस्फरस, जीवनसत्त्वं सगळं प्रमाणात बसवलेलं असतं. पोटाचा तिसरा हिस्सा बिस्किटांनी भरला तर ते प्रमाण बिघडतं. म्हणूनच पाकिटावर "संपूर्ण आणि संतुलित आहार" लिहिलंय की "पूरक" एवढंच, हे मी आता सगळ्यात आधी बघते. खाऊ आणि टॉपर (जेवणावर चवीसाठी घालायचं तयार खाद्य) बहुतेक करून पूरकच असतात. त्यात वाईट काही नाही, फक्त त्यांची जागा ठरलेली हवी.

सगळ्यात जास्त उपयोगी पडला तो खाऊ मी विकत आणलाच नव्हता. सकाळी तिच्या दिवसभराच्या खाद्यातले एक मूठ दाणे मोजून वेगळे काढते आणि ते शिजलेल्या चिकनच्या दोन चिमटीभर चुऱ्यासोबत झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवते. दुपारपर्यंत दाण्यांना चिकनचा वास लागतो. कुत्र्याच्या जिभेवर चवीच्या कळ्या जेमतेम 1,700 असतात, माणसाच्या 9,000 च्या आसपास. तिला जे हवं असतं ते बरंचसं नाकाने कळतं. "ये" म्हटल्यावर परत येणं, दाराशी थांबणं, हे सगळं मी याच दाण्यांवर पक्कं केलं. वेगळ्या कॅलरी जवळपास शून्य. डबा धुवायला आणि दाणे रोजच्या रोज संपवायला मात्र विसरू नये, ओलसर दाणे लवकर खराब होतात.

गाजर तिने पहिले दहा दिवस तोंडात घेऊन जमिनीवर ठेवून दिलं. मग मी ते किंचित वाफवून वाटाण्याएवढे तुकडे केले, आणि आता ती सुरीचा आवाज ऐकून स्वयंपाकघरात येते. 100 ग्रॅम गाजराला 41 कॅलरी, काकडीला 15, फरसबीला 31. सफरचंद 52, पण बिया आणि मधला भाग काढून. आकाराबद्दल आवर्जून सांगते: पूर्वी मी एक बिस्किट एकदम द्यायचे, तेवढ्याच ऐवजात आता पाच तुकडे होतात, आणि ती पाचही वेळा तितक्याच आनंदाने शेपटी हलवते.

लाल भोपळा उकडून, काहीही न घालता, एक चमचा जेवणावर. शी घट्ट आणि नियमित होण्यासाठी तिला याचा चांगला उपयोग झाला. एकदा उत्साहात चार चमचे घातले तर उलटा परिणाम झाला, तेव्हा बेताने. उकडलेलं अंडं आठवड्यातून दोनदा, पाव भाग. मोठ्या अंड्याला 70 ते 78 कॅलरी असतात, त्यामुळे पाव भागाच्या वर गेलं की दिवसाचा हिशेब हलतो.

माशाचं तेल डॉक्टरांनी सांधे आणि कातडीसाठी सुचवलं. मात्रा त्यांच्याकडूनच ठरवून घेतली, कारण जास्त झालं तर जुलाब होतात. पहिली बाटली मी चुकून कॉड लिव्हर ऑइलची आणली होती. ती डॉक्टरांनी परत करायला लावली. माशाच्या यकृताच्या तेलात अ आणि ड जीवनसत्त्व भरपूर असतं आणि ते शरीरात साठत जातं. तीन महिन्यांनी केसांना चमक आली, खाजवणं कमी झालं. सांध्यांमधला फरक तेलाचा की उतरलेल्या वजनाचा, हे वेगळं करता येत नाही, म्हणून त्याचं श्रेय मी तेलाला देणार नाही.

वाळवलेल्या यकृताचे तुकडे तिला सगळ्यात प्रिय. ठेवलेत, पण अ जीवनसत्त्वाचंच कारण असल्याने आठवड्यातून दोनदा, नखाएवढे.

आता बाहेर गेलेल्या गोष्टी. पाचव्या महिन्यात मी एक खूप टणक, "नैसर्गिक, दीर्घकाळ टिकणारं" चघळणं आणलं. कॅलरी नगण्य, तास दीड तास ती गुंगून जायची, मला फार बरं वाटायचं. सहाव्या दिवशी ती उजव्या बाजूने चावेना. वरच्या जबड्यातली मोठी दाढ, कात्रीच्या पात्यासारखी चालते ती, उभी चिरली होती. आतली नस उघडी पडली होती, त्यामुळे भूल देऊन दाढ काढावी लागली. तिने आदल्या दिवसभर आवाजसुद्धा केला नव्हता, याचं मला अजून वाईट वाटतं. डॉक्टरांनी तेव्हा सांगितलेली परीक्षा साधी आहे: अंगठ्याचं नख दाबून खूण उमटत नसेल तर ती वस्तू दाताला फार कठीण आहे. शिंगं, खूर, जाड हाडं यात बसतात. शिजवलेली हाडं तर वेगळ्याच कारणाने नकोत, ती टोकदार तुकड्यांत फुटतात आणि आतड्याला इजा करतात. दातांच्या काड्यांसाठी मी आता व्हेटरनरी ओरल हेल्थ कौन्सिलचा शिक्का बघते. ही संस्था 1997 पासून चाचण्यांच्या आधारे तो देते. काडी रोज नाही, एक दिवसाआड अर्धी, आणि त्या दिवशी बिस्किट नाही.

वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या, जर्की, मी पूर्ण बंद केल्या. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाकडे 2007 पासून 2015 अखेरपर्यंत अशा पट्ट्या खाल्ल्यानंतरच्या आजारांच्या सुमारे 5,200 तक्रारी आल्या, त्यात 6,200 हून अधिक कुत्री होती आणि 1,140 हून अधिक मरण पावली. काहींना मूत्रपिंडाचा असा विकार झाला की रक्तातली साखर ठीक असूनही लघवीतून साखर जायची. नेमकं कारण त्या तपासात सापडलं नाही. इतके पर्याय असताना मला ही जोखीम नको.

ओल्या टॉपरच्या दोन पाकिटांनी मला लेबल वाचायला शिकवलं. एकावर प्रथिनं 8 टक्के पाहून मी ते खाली ठेवणार होते. पण त्यात पाणी 82 टक्के होतं. उरलेल्या 18 मध्ये 8, म्हणजे कोरड्या मापाने 44 टक्के. 12 टक्के प्रथिनांचं, 10 टक्के ओलाव्याचं बिस्किट त्याच मापाने जेमतेम 13 च्या आसपास. दुसऱ्या पाकिटात घटकांच्या शेवटी कांद्याची पूड निघाली. कांदा-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात, पूड तर जास्तच तीव्र, आणि लक्षणं दिसायला काही दिवस लागू शकतात. सूप किंवा स्टॉक घालणाऱ्यांनीही हे तपासावं. पीनट बटरच्या बाटलीवर झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ, लिहिलेला नाही ना, हे बघा. माणसाला निरुपद्रवी असलेला हा पदार्थ कुत्र्याच्या शरीरात इन्सुलिनचा लोंढा सोडतो, अर्ध्या-एक तासात रक्तातली साखर धोकादायक खाली येऊ शकते, यकृतही निकामी होऊ शकतं.

घरातल्या माणसांना सांभाळणं मात्र कोणत्याही पाकिटापेक्षा अवघड गेलं. बाबा तिला स्वतःच्या ताटातला घास दिल्याशिवाय जेवत नसत. मी हिशेब दाखवला, त्यांना पटला नाही. मग एके दिवशी त्यांच्या केकच्या तुकड्यातले बेदाणे तिने खाल्ले. द्राक्षं आणि बेदाण्यांनी कुत्र्याचं मूत्रपिंड बंद पडू शकतं आणि किती खाल्ले म्हणजे धोका, हे कुत्र्यागणिक बदलतं. आम्ही तशीच गाडी काढली, दवाखान्यात तिला उलटी करवली, दोन दिवस सलाइन आणि रक्ततपासण्या. ती वाचली. त्या रात्री बाबा तिच्या बिछान्याशेजारी बसून होते. दुसऱ्या आठवड्यापासून "बाबांची वाटी" सुरू केली: सकाळीच त्यात गाजर आणि तिचेच दाणे मोजून ठेवते, ती त्यांच्या ताटाशेजारी असते, आणि घास तेच देतात. आता ते वाटी रिकामी झाली की मला दाखवतात.

परवाचं वजन 12.4. आठवड्याला जितकं उतरायला हवं होतं त्यापेक्षा हळू उतरलं, मधे दोन महिने काटा हललाच नाही. पण बरगड्या आता हाताला लागतात आणि सोफ्यावर चढायला ती पुढचे पाय ठेवून थांबत नाही.

चीज मात्र पूर्ण गेलं नाही. नखं कापताना तिला दुसरं काहीच चालत नाही. भीतीने थरथरणाऱ्या कुत्रीला काकडी दाखवून भागत नाही, हेही मी या काळात शिकले. पाच ग्रॅम, वीस कॅलरी, दाण्याएवढे पंधरा तुकडे, महिन्यातून दोनदा. त्या दिवशी काडी नाही, बिस्किट नाही.