टोपण सोडलं तर मशीन बरं: हातातला स्टीम क्लीनर, आठ महिन्यांनंतर

बाबांची .४१० मस्केट बंदूक फेब्रुवारीत डीलरच्या कपाटातून ११ वर्षांनी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या घरी आली, ती ग्रीसमध्ये लोळवून काढल्यासारखी. लष्कराच्या थ्री-नॉट-थ्रीची नळी आतून गुळगुळीत करून बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी रायफल कारखान्यात पोलिसांसाठी केलेला हा प्रकार. आजोबांनी डुकरांपासून बागायत राखायला घेतलेली. परवाना आता बाबांच्या नावावर. रॉकेल मिळत नाही, टर्पेंटाइन परवडत नाही, म्हणून अडीच हजारांचं हे मशीन घेतलं.

पहिल्या दिवशी पाच स्टार दिले असते. असलं ग्रीस साधारण ५० अंशांना पातळ होतं. नळी रिकामी बघून, बोल्ट काढून वाफ मारली की तपकिरी ओघळ सुरू. दस्त्याजवळच्या लोखंडी कड्यावर मुकुट, खाली जीआरआय (राजा जॉर्जची आद्याक्षरं) आणि १९४२ दिसू लागलं, तेव्हा बाबा सोप्यावरून उठून चष्मा शोधायला गेले.

आता टोपण. टाकी पाव लिटरची, वाफ जेमतेम आठ मिनिटं. पुन्हा पाणी घालायचं तर आतला दाब उतरेपर्यंत टोपण नुसतं गरागरा फिरतं, उघडत नाही. सुरक्षेसाठी म्हणे! दहा मिनिटं थांबा, तोवर ग्रीस परत घट्ट. सहा वेळा भरलं, म्हणजे तासभर मी टोपणाकडे बघत बसलो. सातव्यांदा पक्कड लावली आणि वॉशर फाटला. (चूक माझीच, पण चीड कुणी आणली?) गोव्यात सर्व्हिस सेंटर नाही, कोल्हापूरला पाठवा, कुरिअर तुमचं. वॉशर ४० रुपयांचा, कुरिअर ३५०! म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कुकरवाल्याने १५ रुपयांत बसवून दिला. तोच अजून चालतोय.

मे महिन्यात मत बदललं. लाकडाला वाफ अजिबात मारू नका, दस्त्याच्या रेषा फुगून वर आल्या. त्याला काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून परसातल्या उन्हात ठेवला, तर ग्रीस घामासारखं बाहेर आलं. पुसा, परत गुंडाळा. चार दिवसांत साफ, फुकटात. हे अडीच हजार घालवल्यावर कळलं.

जूनमध्ये लोखंडाला वाफ मारून जेवायला बसलो. उठेपर्यंत तांबूस गंज. गरम आहे तोवरच कोरडं करून तेलाचा हात फिरवायचा.

सध्या मशीन आईकडे, ओट्यामागच्या फरशांची चिकटी काढायला. तिची टोपणाबद्दल तक्रार नाही. ते निवेपर्यंत ती चहा टाकते. तीन स्टार. एक टोपणाने खाल्ला, एक कुरिअरने.