खाऱ्या हवेतले रिमोट आणि एक टेस्टर: शिमग्यापासून दिवाळीपर्यंतचा अनुभव

मालवणात टीव्ही आणि सेटटॉप बॉक्स दुरुस्त करणाऱ्याला रिमोटचं काम परवडत नाही. डुप्लिकेट रिमोट दीडशे-दोनशेला मिळतो, मग उघडून साफ करायचे मागणार किती? तरी लोक आणतात. जुन्या टीव्हीच्या जोडीचा रिमोट बाजारात नसतो, आणि तारकर्ली-देवबागच्या होमस्टेवाल्यांकडे खोलीगणिक एसी, ज्याचा रिमोट स्वस्त नसतो. या कामासाठी शिमग्याच्या सुमारास मी हजार-दीड हजारांतला मल्टीफंक्शन टेस्टर घेतला. रंगीत स्क्रीन, चार्ज होणारा लिथियम सेल आणि खटका पाडून सुट्या भागांचे पाय पकडणारं सॉकेट असलेला. तोच माल बऱ्याच नावांनी विकला जातो, म्हणून नाव लिहीत नाही.

ट्रान्झिस्टर, डायोड, कॅपॅसिटर तपासायला तो चांगलाच आहे, त्यावर पुष्कळांनी लिहिलंय. मला लिहायचंय ते त्याच्या इन्फ्रारेड खिडकीबद्दल. रिमोट समोर धरून बटण दाबलं की स्क्रीनवर यूझर कोड (कुठल्या यंत्रासाठी), डेटा कोड (कुठलं बटण) आणि खाली लहरीचा आकार येतो. मोबाईलच्या सेल्फी कॅमेऱ्यातही एलईडी लुकलुकताना दिसतो, पण त्यातून कळतं फक्त एवढंच की प्रकाश निघतोय. तो प्रकाश नीट बोलतोय का, हे टेस्टर सांगतो.

एनईसी ही रिमोटच्या कोडची एक सर्रास पद्धत. तसल्या रिमोटमध्ये चिप आधी ९ मिलिसेकंदांचा लांब झोत सोडते, मग ४.५ मिलिसेकंद गप्प राहते आणि त्यानंतर ३२ बिट पाठवते: पत्ता, उलटा पत्ता (शून्याचा एक, एकाचा शून्य), कमांड, उलटी कमांड. सगळं साधारण ३८ किलोहर्ट्झच्या कॅरियरवर, म्हणजे सेकंदाला ३८ हजार वेळा लुकलुकणाऱ्या प्रकाशावर. कोड स्क्रीनवर स्वच्छ उमटला म्हणजे चिप, तिला ठोका देणारा ऑसिलेटर, ट्रान्झिस्टर आणि एलईडी हे चौघेही कामावर आहेत. मग रिमोट बाजूला ठेवायचा आणि टीव्हीचा सेन्सर बघायचा. पडवीत टीव्ही असेल तर दुपारचं ऊन थेट सेन्सरवर येत नाही ना, हेही बघावं. वीतभर अंतरावरून कोड येतो पण खाटेवरून टीव्ही ऐकत नाही, असं असेल तर सेलच्या स्प्रिंगा आणि बॅटरीला समांतर असलेला कॅपॅसिटर तपासायचा. एलईडीला क्षणभर जो जोराचा करंट लागतो तो हाच पुरवतो.

खरी गंमत पावसाळ्यानंतर. गणपतीला चाकरमानी येतात, दहा महिने बंद असलेलं घर उघडतात, आणि दुसऱ्या दिवशी दुकानात: "कालच नवे सेल घातलंय, तरी चालाक नाय." सोबत निदानही आणलेलं असतं, की आतली चिप गेली. मुंबईतल्या कोणीतरी फोनवर सांगितलेलं असतं.

चिप सहसा गेलेली नसते. बटणांच्या रबराखाली कार्बनच्या पट्ट्यांचं जाळं असतं. त्यावर खाऱ्या हवेचा पातळ थर बसतो आणि पावसाळ्यात तो ओल धरतो. मीठ विरघळलं की तो थरच तार होतो. चिपच्या इनपुटना बटण दाबलं गेलंय असं वाटायला फार करंट लागत नाही, त्यामुळे एक वाट अशी जोडली गेली की ती समजते, कोणीतरी बटण दाबून धरलंय. सेल घालताच, बोट न लावता टेस्टरवर कोड उमटला तर समजावं, हाच प्रकार. असा रिमोट ड्रॉवरमध्ये पडल्यापडल्या सेल खातो.

दोन वाटा एकदम जोडल्या गेल्या तर मात्र फसगत होते. एकावेळी दोन बटणं दाबली तर काहीच पाठवायचं नाही, असं बऱ्याच साध्या रिमोट चिपमध्ये ठरवलेलं असतं. मग कॅमेऱ्यात काळोख, टेस्टरवर काळोख, आणि चिप मेल्यासारखी दिसते. इथे टेस्टरपेक्षा साधा मल्टिमीटर कामाला येतो. सेल आणि स्प्रिंग यांच्यामध्ये मीटर घालून, बटण न दाबता करंट बघायचा. झोपलेली चिप जेमतेम मायक्रोअँपमध्ये घेते. काटा मिलिअँपच्या दिशेने गेला तर ती जागी आहे, गोंधळलेली आहे, पण मेलेली नाही. रबर काढून बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवायचा, ब्रशने कोपरे साफ करायचे, उन्हात किंवा हेअर ड्रायरखाली खडखडीत वाळवायचा आणि पुन्हा मोजायचा. कार्बन जोरात घासू नये, पट्टीच निघून येते. अल्कलाईन सेल फुटून पांढरी बुरशीसारखी खपली आली असेल तर आधी थोडं व्हिनेगर, मग पाणी, मग अल्कोहोल.

धुऊनही सगळं शांत आणि करंटही जवळजवळ शून्य, तर ऑसिलेटरचा ताल धरणारा, ४५५ई लिहिलेला रेझोनेटर बघायचा. रिमोट फरशीवर आपटला की आतली सिरॅमिक चकती तडकते आणि ऑसिलेटर सुरूच होत नाही. काही रुपयांचा भाग आहे, बदलायला पाच मिनिटं. नव्या रिमोटात ऑसिलेटर चिपच्या पोटात असतो, तिथे हा मार्ग बंद. आणि चिपच्या जागी काळ्या इपॉक्सीचा गोळा असेल, तो अंगठ्याने दाबल्यावरच रिमोट चालत असेल, तर आतली बारीक तार सुटली आहे. मी तो बोर्ड परत देतो, पैसे घेत नाही.

आता तक्रारी. हा टेस्टर फक्त एनईसी घराण्याचे कोड वाचतो, आणि खोक्यावर हे कुठेही ठळक लिहिलेलं नाही. सोनीचा रिमोट ४० किलोहर्ट्झवर १२, १५ किंवा २० बिट पाठवतो. फिलिप्सची आरसी-५ पद्धत ३६ किलोहर्ट्झवर १४ बिटांची, बिट मांडण्याची तऱ्हाही वेगळी. दोन्हींसमोर टेस्टर मुका. नवशिक्या कारागीर इथे चांगला रिमोट भंगारात टाकेल.

एसीच्या रिमोटला तर त्याचा काडीचा उपयोग नाही. तो रिमोट एक बटण दाबलं तरी तापमान, मोड, पंखा असा सगळा कारभार एकदम पाठवतो, ३२ बिटांत तो मावत नाही. शिवाय त्याच्या स्क्रीनवर २४ अंश दिसतंय म्हणून रिमोट ठीक, हा समज चुकीचा आहे. बऱ्याच एसी रिमोटांत घड्याळ आणि डिस्प्ले ३२.७६८ किलोहर्ट्झच्या क्रिस्टलवर चालतात, पाठवण्यासाठी वेगळा जलद ऑसिलेटर लागतो. तो बंद पडला तरी आकडे दिसत राहतात.

त्यासाठी मी आर्डुइनो नॅनो या प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाला टीएसओपी१७३८ हा इन्फ्रारेड रिसीव्हर जोडून ठेवलाय, वर कोड ओळखणारी आयआररिमोट लायब्ररी. लॅपटॉप उघडावा लागतो हे खरं, पण सोनी, आरसी-५ सगळं नावानिशी छापून येतं. एसीसाठी लायब्ररीतला कच्च्या वेळांचा बफर, म्हणजे झोतांच्या वेळा साठवायची जागा, वाढवावा लागतो, नाहीतर कोड अर्धवट कापला जातो. सारख्याच मॉडेलचा चालू रिमोट शेजारच्या खोलीतून मागवून दोघांच्या वेळा ताडून बघितल्या की निकाल लागतो.

टेस्टरची तब्येत म्हणाल तर सॉकेटच्या पत्त्या श्रावणातच काळवंडल्या आणि कॅपॅसिटरचे आकडे डगमगायला लागले. अल्कोहोल मारून, सॉकेटच्या तिन्ही जागा एकमेकींना जोडून पुन्हा कॅलिब्रेट केल्यावर जागेवर आले. तेव्हापासून तो सिलिका जेलच्या पुड्यांसोबत झाकणाच्या डब्यात राहतो. इन्फ्रारेड खिडकीला काही झालेलं नाही. आतला सेल वापर नसतानाही उतरतो, कामाच्या आदल्या रात्री चार्जिंगला लावावा.

टीव्ही आणि सेटटॉप बॉक्सचे रिमोट रोज हातात येत असतील तर घ्या, पैसे वसूल होतात. होमस्टेचे एसी हेच मुख्य काम असेल तर आधी नॅनो आणि रिसीव्हर घ्या, टेस्टर पुढच्या सीझनला.