शाळेच्या ग्रंथालयातील जुन्या पुस्तकांची अदलाबदल: नियम उत्तम, छाननी ढिली

प्राथमिक शाळेच्या ग्रंथालयाने भरवलेल्या या अदलाबदलीत पालक म्हणून सहभागी होता आले. वाचून झालेली पुस्तके आधी वर्गशिक्षकांकडे द्यायची, प्रत्येक पुस्तकामागे एक कूपन घ्यायचे आणि ठरलेल्या दिवशी तितकीच पुस्तके निवडून न्यायची, अशी पद्धत होती. घरून काही आले असो वा नसो, प्रत्येक मुलाला एक कूपन शाळेनेच दिले होते, हा आयोजकांचा सर्वांत शहाणपणाचा निर्णय. ज्या घरात द्यायला पुस्तकच नाही, तिथल्या मुलाला त्याची गरज सर्वाधिक असते आणि काटेकोर ‘एकास एक’ नियमाने नेमके तेच मूल दाराबाहेर राहते. कुपने एकाच रंगाची असल्याने मुलाच्या हातातले कूपन पुस्तकाच्या बदल्यातले आहे की शाळेने दिलेले, हे कोणाला ओळखता येत नव्हते.

या जादा कुपनांची भरपाई ग्रंथालयाने आपल्या संग्रहातून काढलेल्या दुबार प्रतींनी केली. मात्र त्यांपैकी काहींवर दाखल क्रमांक, म्हणजे ग्रंथालयाच्या नोंदवहीतला पुस्तकाचा क्रमांक, तसाच होता आणि ‘रद्द’ असा शिक्का नव्हता. अशी प्रत पुढे कधी ग्रंथालयात परतली, तर ती कोणाची हे ठरवणे ग्रंथपालांनाच जड जाईल.

छाननीत मात्र हयगय दिसली. निम्म्या सोडवलेल्या स्वाध्यायपुस्तिका, मोठ्यांची मासिके आणि शिवण सुटलेली पुस्तके टेबलांवर तशीच मांडली होती. दोन-तीन पुस्तकांना तर बुरशीचा वास येत होता. दमट हवेत बुरशी शेजारच्या पुस्तकांवरही पसरते, त्यामुळे जमा झालेले गठ्ठे तपासल्याशिवाय ग्रंथालयाच्या कपाटांजवळ ठेवणेच चूक आहे.

मांडणी इयत्तेनुसार होती आणि माझा मुख्य आक्षेप तिलाच आहे. चौथीतले एखादे मूल अजून अडखळत वाचत असेल, तर ते ‘पहिली’ अशी पाटी असलेल्या टेबलाकडे सर्वांदेखत कसे जाईल? केवळ चित्रे, थोडा मजकूर आणि सलग मजकूर असे तीन भाग केले असते, तर ही अडचण आली नसती. भारतीय ग्रंथालयतज्ज्ञ शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी एक, प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे, असे सांगते. इथे पुस्तक होते, वाचक होता, पण मध्ये पाटी आली.

वर्गांना पाळीपाळीने सोडल्यामुळे गर्दी झाली नाही, पण शेवटच्या वर्गाची पाळी येईपर्यंत चित्रपुस्तके संपली होती. प्रत्येक पाळीसाठी काही पुस्तके वेगळी राखून ठेवणे कठीण नव्हते. या दोषांसह उपक्रम सहभागी होण्याजोगा आहे; पाच ताऱ्यांपैकी साडेतीन, आणि छाननीसाठी चार पालक आधीच्या दिवशी बसले, तर साडेचारसुद्धा.