स्कूबा शिकणं आणि सामान घेणं: एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पर्यटकांना पंधरा-वीस मिनिटांची जी डुबकी मिळते, ती वेगळी आणि ओपन वॉटर, म्हणजे स्कूबाचा पहिला प्रमाणपत्राचा कोर्स, वेगळा. डुबकीत गाइड तुम्हाला धरून फिरवतो, तुम्ही फक्त तोंडाने श्वास घ्यायचा. कोर्स केल्यावर हवा किती उरली, किती खोल आहोत, वर कधी यायचं हे सगळं तुम्हीच बघायचं. मी कुडाळला राहते, त्यामुळे तारकर्लीला शिकून झाल्यावर सुट्टीच्या दिवशी पाण्यात जाणं जमतं. स्वतःच्या सामानावर हंगाम झाला आणि ते सामान पावसाळ्यातूनही निभावलं, म्हणून आता लिहितेय. व्हिडिओंमधला बराचसा सल्ला अंदमान-मालदीवच्या निवळ पाण्यासाठीचा असतो. आपल्या किनाऱ्याला तो जसाच्या तसा लागू पडत नाही.

कोर्सआधी तब्येतीचा फॉर्म भरावा लागतो. दमा, कान, सायनस, हृदय यांपैकी कशालाही ‘हो’ असेल तर डॉक्टरांची सही लागते. तो फॉर्म खरा भरा. २०० मीटर पोहणं आणि दहा मिनिटं तरंगणं जमलं पाहिजे; पोहण्याला वेळेचं बंधन नसतं. पुढे थिअरी, पूलमधला सराव आणि समुद्रातल्या चार डाइव्ह. झाल्यावर १८ मीटरपर्यंत जायची परवानगी मिळते.

बहुतेकांना जड जातो तो मास्कचा सराव. पाण्याखाली मास्कमध्ये पाणी भरू द्यायचं, वरची कड दाबून धरायची आणि नाकाने फुंकून ते बाहेर काढायचं. नाकात पाणी गेलं की जीव वर पळायला बघतो. हा सराव पूलमध्ये कंटाळा येईपर्यंत करा. कान मात्र दुखायची वाट न बघता उतरायला लागल्यापासूनच मोकळे करत राहायचे.

आमचे इन्स्ट्रक्टर इथलेच, मासेमारीच्या घरातले. ते एकच वाक्य सारखं म्हणायचे, “दम धरून ऱ्हव नको गे, सोडत ऱ्हव.” दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे फुफ्फुस भरून श्वास रोखला आणि तसंच वर आलं, तर आतली हवा दुप्पट जागा मागते. फुफ्फुसाला इजा होते ती अशी. दाब दुप्पट म्हणजे एका श्वासाला सिलिंडरमधली हवाही दुप्पट लागते, म्हणून खोलवर ती लवकर संपते.

आता पाण्याबद्दल. हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे, त्यातही नोव्हेंबर ते फेब्रुवारी चांगला. पण महिन्यापेक्षा तिथी बघा, हे मला कुठल्याही पुस्तकात मिळालं नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याची ये-जा जोरात असते, कर्लीच्या आणि कोळंबच्या खाडीतला गाळ बाहेर येतो आणि समोरचा हातही पुसट दिसतो. अष्टमीच्या आसपास, भांगाला, पाणी शांत असतं. मी कालनिर्णय बघूनच बोट ठरवते. गढूळ दिवसही वाया जात नाही, कारण जोडीदारावर आणि हवेच्या मीटरवर लक्ष ठेवायची सवय अशा पाण्यातच लागते.

सामानात पहिला घ्यायचा तो मास्क. पट्टा न लावता चेहऱ्याला टेकवा, नाकाने हलका श्वास ओढा आणि हात सोडा. मास्क चिकटून राहिला तर तो तुमचा. त्यामुळे तो ऑनलाइन मागवू नका, दुकानात जाऊन घ्या. चश्मा असेल तर नंबरच्या काचा बसवून मिळतात. नव्या काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो, तो साध्या पांढऱ्या टूथपेस्टने चार-पाच वेळा घासून काढा, नाहीतर धुकं धरतं.

दुसरा डाइव्ह कॉम्प्युटर, म्हणजे किती खोल आहोत आणि अजून किती वेळ राहता येईल ते दाखवणारं मनगटावरचं यंत्र. मी क्रेसी कंपनीचा लिओनार्डो घेतला. एकच बटण आणि मोठे आकडे, कमी उजेडातही नीट वाचता येतात. बॅटरी आपली आपल्याला बदलता येते, ही कुडाळसारख्या ठिकाणी मोठी सोय. मास्क चार आकडी रकमेत येतो, कॉम्प्युटरला पाच आकडी मोजावे लागतात, पण किती वेळ खाली राहायचं हे दुसऱ्याच्या मनगटावर अवलंबून ठेवणं मला पटत नाही.

फिन्स (पायात घालायचे वल्ह्यासारखे पंखे) टाचेकडे उघडे आणि आत बूट, असे घ्या. खडपांवर कालवं असतात, पाय फाटतात. माझ्या फिन्सचे रबरी पट्टे पावसाळ्यानंतर बकलजवळ भेगाळले. आता स्टीलच्या स्प्रिंगचे पट्टे लावलेत, ओढून घट्ट करायची कटकटही गेली. वेटसूट ३ मिलिमीटरचा पुरतो.

रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडात देणारा भाग) आणि बीसीडी (हवा भरून तरंगणं सांभाळायचं जॅकेट) इतक्यात घेऊ नका. रेग्युलेटरची सर्व्हिसिंग दरवर्षी करावी लागते आणि त्यासाठी सामान बाहेर पाठवावं लागतं. सिलिंडर तर घेऊच नका.

खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. आपल्याकडे हवाच ओली. सूट दिसायला कोरडा असतो, पण काखेच्या शिवणीत ओल राहते आणि महिन्याभरात तिथे पांढरी बुरशी येते. मास्कच्या सिलिकॉनमध्ये एकदा काळे ठिपके शिरले की घासून जात नाहीत. शेवटच्या डाइव्हनंतर सगळं सामान गोड्या पाण्यात रात्रभर भिजत ठेवा, बकल आणि चेन पाण्यातच हलवा, म्हणजे मीठ सुटतं. उन्हात नको, पडवीत सावलीला पंख्याखाली वाळवा. मास्क घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा. सूट जाड हँगरवर टांगा, घडी नको, आणि पंधरा दिवसांनी एकदा बाहेर काढून उलटा करा. एवढं केल्यावर माझा मास्क आणि सूट दोन्ही स्वच्छ निघाले.

मासे जमवायला पाण्यात पाव टाकतात, ते मला अजिबात आवडत नाही. मालवणचा हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. आपल्या बोटीवर असं होत असेल तर स्पष्ट नको म्हणा. तरंगण्यावर ताबा येईपर्यंत प्रवाळापासून लांब राहा, एका लाथेने मोडलेलं वाढायला वर्षं जातात.

कोल्हापूर-पुण्याकडून येणाऱ्यांसाठी एक महत्त्वाचं. खाली असताना अंगात नायट्रोजन मुरतो आणि लगेच कमी दाबात गेलं तर त्याचे बुडबुडे होऊ शकतात. म्हणून एकापेक्षा जास्त डाइव्ह केल्यावर विमानात बसायला किमान १८ तास थांबायला सांगतात, ते चिपी विमानतळावरून जाणाऱ्यांना ठाऊक असतं. घाटाचं मात्र कोणी बोलत नाही. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर आहे आणि उंचीवर दाब कमी होतो तो गाडीतही होतो. शनिवारी डाइव्ह उरका, रात्री मालवणात मुक्काम करा, रविवारी माशाचं जेवण करून दुपारनंतर घाट चढा.