मिरजोळे एमआयडीसीत करवून घेतलेली शॉक ट्यूब

रत्नागिरीतील आमच्या प्रयोगशाळेसाठी विरळ वायूवरील प्रयोगांची शॉक ट्यूब, म्हणजे वायूत आघात तरंग (ध्वनीहून वेगाने जाणारी दाबाची लाट) निर्माण करणारी नळी, आम्ही मिरजोळे एमआयडीसीतील एका लहान वर्कशॉपकडून करवून घेतली. एरवी मच्छीमार नौकांच्या इंजिनांची कामे करणाऱ्या या कारागिरांनी 304 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची, 6 मीटर लांबीची नळी बनवली. आतील व्यास 100 मिलिमीटर ठेवला, कारण दाब कमी असताना भिंतीलगतचा वायूचा थर जाड होतो आणि अरुंद नळीत निरीक्षणाला वेळच उरत नाही. फ्लँजचे (नळीचे भाग जोडणाऱ्या कड्यांचे) वेल्डिंग त्यांनी आतल्या बाजूने सलग केले, याचे मला विशेष कौतुक वाटते. ते केवळ बाहेरून केले असते, तर सांध्याच्या फटीत कोंडलेली हवा सतत आत झिरपत राहिली असती.

खरी कसोटी जुलैमध्ये लागली. नळी 0.01 टॉरपर्यंत (1 टॉर म्हणजे वातावरणाच्या दाबाचा 760 वा भाग) रिकामी करून झडप बंद केली, तर दहा मिनिटांत दाब 0.02 टॉरने वाढला. गळती असती तर तो एकाच गतीने चढत राहिला असता. येथे मात्र वाढ मंदावत गेली, म्हणजे दोष सांध्यांचा नव्हता, पावसाळी हवेतून भिंतींना चिकटलेल्या बाष्पाचा होता. नळीला तापपट्ट्या गुंडाळून रात्रभर पंप चालवल्यावर ही वाढ 0.002 टॉरवर आली. आर्गॉन अवघ्या 1 टॉर दाबाने भरायचा असताना दोन टक्के बाष्पाची भेसळ चालणारी नव्हती. हा दाब मोजायला कॅपॅसिटन्स गेजच (पातळ पडद्याच्या वाकण्यावरून दाब मोजणारे) घ्यावे. वायूच्या उष्णतावहनावरून दाब ठरवणारे पिरानी गेज नायट्रोजनसाठी जुळवलेले असेल, तर ते आर्गॉनचा दाब कमी दाखवते.

तक्रार एकच. तरंगाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरच्या दोन छिद्रांतील अंतर 500 मिलिमीटर मागितले होते, ते 498.6 भरले. आर्गॉनमध्ये मॅक 5 चा, म्हणजे ध्वनीच्या पाचपट वेगाचा, आघात तरंग हे अंतर सुमारे 310 मायक्रोसेकंदांत कापतो. अंतर 500 धरून हिशेब केला तर वेगात 0.3 टक्के चूक येते आणि तरंगामागचा दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलत असल्यामुळे तेथे ती जवळजवळ दुप्पट होते. वर्कशॉपने चूक मान्य केली, अंतर पुन्हा मोजले आणि खरा आकडा नळीवरच कोरून दिला. गणपती आणि शिमग्याला तेथे काम बंद असते, तेव्हा मागणी त्या बेताने नोंदवावी.