चावी नसलेले भांडार: डेबियन १० वरून थेट १२ वर, चौदा महिन्यांनंतर

डेबियन या लिनक्सवर आधारलेल्या संगणक प्रणालीच्या १० व्या आवृत्तीचा दीर्घ मुदतीचा पाठिंबा ३० जून २०२४ रोजी संपला, तेव्हा चार जीबी रॅमच्या माझ्या जुन्या लॅपटॉपवर ११ ही आवृत्ती गाळून थेट १२ बसवण्याचे मी ठरवले, आणि पुढे जे झाले त्याचा दोष माझ्याच पदरी पडतो. एका वेळी एकच आवृत्ती ओलांडावी, असे प्रकाशन-टिपांत स्पष्ट लिहिलेले असते. मी मात्र दोनदा डाउनलोड करण्याऐवजी एकदाच करून मोबाइलचा डेटा वाचवण्याच्या हिशेबात होतो.

पॅकेजे, म्हणजे प्रणालीचे सुटे भाग, कोणत्या भांडारातून (इंटरनेटवरील साठ्यातून) घ्यायची ते सांगणाऱ्या सोर्सेस लिस्टमध्ये ‘बस्टर’च्या (१० चे टोपणनाव) जागी ‘बुकवर्म’ (१२ चे) लिहिताना सुरक्षा भांडाराचे नाव चुकले, कारण ११ पासून ते ‘बुकवर्म-सिक्युरिटी’ या धर्तीवर लिहावे लागते. ती चूक पाच मिनिटांत सुधारली. त्यानंतर ‘नो पबकी’ (सही तपासायची चावी नाही) हा संदेश आला आणि तिथे मी दोन संध्याकाळी घालवल्या.

या संदेशावरचा माझा राग अजून गेलेला नाही. कोणती चावी नाही हे तो सोळा अंकाक्षरांत सांगतो, पण ती कोणत्या पॅकेजात मिळेल याबद्दल चकार शब्द काढत नाही. डेबियनच्या भांडारावरची डिजिटल सही, म्हणजे पॅकेजे खरेच डेबियनची असल्याची खूण, तपासणाऱ्या चाव्या ‘डेबियन-आर्काइव्ह-कीरिंग’ नावाच्या चिमुकल्या पॅकेजातून येतात. माझ्याकडचे ते पॅकेज २०१९ चे होते, म्हणजे ११ आणि १२ च्या चाव्या तयार होण्यापूर्वीचे. मधल्या काळात अपडेट केले असते, तर नव्या चाव्या आपोआप आल्या असत्या. तरीही त्या संदेशात एवढे एक नाव जोडायला काय हरकत होती, हे मला कळत नाही.

सह्या म्हणजे कागदी घोडे, अशी माझी तेव्हाची समजूत होती. म्हणून भांडारापुढे ‘ट्रस्टेड=येस’ लिहून मी तपासणीच बंद केली आणि फुल-अपग्रेड, म्हणजे पूर्ण आवृत्तीबदल, सुरू केले. अर्ध्यावर ‘लिबक्रिप्ट’ ही लायब्ररी (अनेक प्रोग्रॅम वापरतात ती सामायिक फाइल) सापडत नसल्याची तक्रार करून पर्ल (डेबियनची बरीच साधने ज्यावर चालतात ती भाषा) बंद पडले. ही मोडतोड चावीमुळे नव्हे, तर टप्पा गाळल्यामुळे झाली: १० मध्ये ती लायब्ररी ‘लिबसी६’ या मूलभूत पॅकेजाच्या पोटात असते, ११ पासून तिचे ‘लिबक्रिप्ट१’ हे वेगळे पॅकेज आहे, आणि माझ्याकडे जुनी फाइल गेली तरी नवी यायची होती. पासवर्ड तपासायलाही तीच लायब्ररी लागत असल्याने नवे लॉगिन आणि सुडो (प्रशासकाचे अधिकार देणारी आज्ञा) दोन्ही बंद झाले. रूटचे, म्हणजे प्रशासकाचे, एक टर्मिनल उघडे राहिले होते, एवढेच नशीब. त्यातून ‘लिबक्रिप्ट१’ डाउनलोड केले, न बसवता नुसते उलगडले, लायब्ररीच्या फाइली हाताने जागेवर ठेवल्या आणि मग अर्धवट राहिलेली पॅकेजे दुरुस्त करणारे ‘फिक्स-ब्रोकन’ चालवले. यंत्र उठले, वायफाय मात्र उठले नाही, कारण १२ मध्ये वायफायसारख्या भागांना लागणारे फर्मवेअर ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ या स्वतंत्र विभागात गेले आहे.

खरी चूक त्यानंतर लक्षात आली आणि सह्यांविषयीचे माझे मत तिथे बदलले. नवे कीरिंग आता यंत्रावर होते खरे, पण तेही तपासणी बंद असतानाच आले होते. म्हणजे कुलूप उघडे ठेवून आत आलेल्या माणसाकडूनच मी चावी घेतली होती. दुसऱ्या संगणकावर डेबियनच्या संकेतस्थळावरील चाव्यांचे फिंगरप्रिंट (चावी ओळखण्याची अंकाक्षरे) उघडून एकेक अक्षर जुळवले, ‘ट्रस्टेड=येस’ काढून टाकले, डाउनलोडचा साठा पुसला आणि सगळी पॅकेजे पुन्हा उतरवून बसवली. जो डेटा वाचवायचा होता, तो असा दुप्पट गेला.

तेव्हापासून तक्रार नाही. ६.१ कर्नल (प्रणालीचा गाभा) आणि एक्सएफसीई ४.१८ (डेस्कटॉप) या लॅपटॉपला झेपतात. प्रिंटरच्या ड्रायव्हरचे एक बाहेरचे भांडार तेवढे प्रत्येक अपडेटला कुरकुरत असे, कारण त्याची चावी जुन्या ‘ॲप्ट-की’ या आज्ञेने टाकलेली होती. ती वेगळ्या फाइलीत ठेवून त्या भांडाराच्या ओळीत ‘साइन्ड-बाय’ (कोणती चावी वापरायची ते) जोडल्यावर तेही शांत झाले. आवृत्ती १३ मध्ये तर ‘ॲप्ट-की’ उरलेलेच नाही.

ती आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये आली आहे. मी १२ वरचे कीरिंग अद्ययावत करून ठेवले आहे. बाकीचे डिसेंबरात पाहीन, कारण १२ ला जून २०२८ पर्यंत मुदत आहे आणि या महिन्याचा डेटा संपत आला आहे.